जॉइनरीत शिकाऊ म्हणून लागताय? मग पहिल्या वर्षाचं आधी ऐका

सुतारकाम शिकायचंय म्हणणारे बरेच भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, कुठलं मशीन घेऊ. अहो, मशीन तुम्हाला घ्यायचंच नाहीये, ते वर्कशॉपमध्ये असतं, आणि पहिले काही महिने तुम्हाला त्याला हात लावू देणार नाहीत, जे बरोबरच आहे. शिकाऊ म्हणून लागलात की पहिल्या वर्षात दोनच गोष्टी मनापासून शिकायच्या असतात, धार लावणं आणि रेघ मारणं. बाकी सगळं त्यावर चढतं. मला हे कुणीतरी सांगितलं होतं तेव्हा मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तुम्हीही कदाचित ऐकणार नाही, पण लिहून ठेवतो.

१. आधी नक्की कशात शिरताय ते बघा

सुतारकाम हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो पण आत तीन वेगळे धंदे आहेत. जॉइनर दरवाजे, खिडक्या, चौकटी, जिने असलं काम वर्कशॉपमध्ये बसून बनवतो. कारपेंटर साइटवर असतो, छताचा सांगाडा, पार्टिशन, फ्लोअरिंग, आणि जॉइनरने बनवून पाठवलेलं बसवणं. कॅबिनेटमेकर कपाटं, टेबलं, ड्रॉवर, म्हणजे फर्निचर. छोट्या शॉपमध्ये एकच माणूस तिन्ही करतो ही गोष्ट वेगळी, पण वर्ल्डस्किल्ससारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही या तिघांच्या वेगवेगळ्या स्पर्धा होतात, यावरून समजा.

जॉइनरीत मिलिमीटरच्या आत खेळायचं असतं, दिवसभर उभं राहायचं असतं, आणि तेच तेच काम परत परत येतं. वीस खिडक्यांची ऑर्डर आली की चाळीस उभ्या पट्ट्या सारख्याच करायच्या. याचा कंटाळा येणारा माणूस असाल तर साइटवरचं काम तुम्हाला जास्त मानवेल, त्यात कमीपणा काही नाही.

२. अर्ज करायच्या आधी एक वाकडी पेटी बनवा

खरंच सांगतो. एक हाताची करवत, एक पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), एक गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), एक छोटा रंधा, आणि पाइनची एखादी फळी. यात झाकण नसलेली पेटी बनवा, कोपरे कसेही जोडा. पेटी वाकडी होणार, कोपऱ्यात फट राहणार, तळ बसणार नाही. उत्तम. ती फेकू नका. शॉपमध्ये भेटायला जाताना घेऊन जा आणि दाखवताना तुम्हीच सांगा की इथे मी करवत रेघेच्या चुकीच्या बाजूने चालवली, इथे फळी आधीच पिळलेली होती ते मला कळलं नाही. मालक लोकांना चांगली पेटी बघायची नसते, चांगली पेटी त्यांच्याकडे ढिगाने आहे. आपली चूक कुठे झाली हे स्वतःला कळतं का, ते बघायचं असतं.

शिवाय तुम्हालाही कळेल की हे आवडतंय की नाही. संध्याकाळी हात दुखतायत, अंगभर भुसा, आणि तरी उद्या परत कोपरा जुळवून बघावासा वाटतोय, तर पुढे वाचा.

३. शॉप निवडताना मशीनकडे बघू नका, बेंचकडे बघा

शिकाऊ उमेदवारीचा साचा जगभर साधारण सारखाच आहे, बराचसा वेळ प्रत्यक्ष काम आणि थोडा वेळ ट्रेनिंग सेंटरमध्ये थिअरी, ड्रॉइंग, हिशोब. मुदत दोन ते चार वर्षं धरा, जर्मनीत सुताराची उमेदवारी तीन वर्षांची असते. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कमीत कमी सात वर्षं बंधनकारक होती, म्हणजे आपण सुटलो म्हणायचं. पण मुदत कितीही असली तरी तुम्ही काय शिकणार हे तुमच्या शेजारच्या बेंचवर कोण उभं आहे त्यावर ठरतं.

म्हणून शॉप बघायला गेलात की गुपचूप काही गोष्टी बघून घ्या. बेंचवर पडलेल्या पटाश्यांना धार आहे का, का त्यांनी रंगाचे डबे उघडतात. टेबल सॉवरचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीवरचं, गार्ड जागेवर आहे का काढून कोपऱ्यात टाकलंय. भुसा ओढणारं एक्स्ट्रॅक्शन चालू आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे आधीपासून कोणी शिकणारं आहे का आणि ते आत्ता काय करतंय. दोन वर्षं झालेला पोरगा अजून फक्त माल चढवतोय आणि सँडिंग करतोय, तर तुमचीही दोन वर्षं तशीच जाणार.

मोठी फॅक्टरी का छोटं शॉप? माझं मत छोटं, पाच-सात माणसांचं. मोठ्या ठिकाणी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) शिकाल, पगार वेळेवर होईल, पण कदाचित वर्षभर एकाच मशीनमध्ये पट्ट्या सरकवत राहाल. छोट्या ठिकाणी ड्रॉइंगपासून डिलिव्हरीपर्यंत सगळं डोळ्यासमोर घडतं. अर्थात छोट्या ठिकाणी मिस्त्री खडूस निघाला तर पळायला जागा नसते, हेही धरून चाला.

फोन सकाळी माल चढवायच्या धांदलीत करू नका, चहाच्या सुट्टीत करा किंवा सरळ जाऊन भेटा. एकदा नाही म्हणाले तर दोन-तीन महिन्यांनी परत विचारा, कारण कोणीतरी सोडून गेलेलं असतं. होकार आला की एक-दोन आठवडे ट्रायल मागा. मग कागदावर घ्या, तासांचं काय, पगार किती, ट्रेनिंग सेंटरच्या दिवसाचे पैसे मिळतात का, इन्शुरन्स आहे का, हत्यारं कोणाची, आणि तुम्हाला शिकवायची जबाबदारी नावानिशी कोणाची. शेवटचा मुद्दा लोक विचारतच नाहीत. 'सगळेच शिकवतील' याचा अर्थ कोणीच शिकवणार नाही. आणि शिकवण्यासाठी तुमच्याकडूनच डिपॉझिट मागणारं ठिकाण असेल तर नमस्कार करून निघा, शिकाऊ माणूस काम करतो, त्याला पैसे मिळायचे असतात.

४. हत्यारं कमी घ्या, पण चांगली घ्या

पहिल्या दिवशी चकचकीत बॅग भरून आलेला शिकाऊ बघितला की शॉपमधले जुने लोक एकमेकांकडे बघून हसतात. सुरुवातीला एवढंच पुरतं: ६, १२ आणि २५ मिमीच्या पटाश्या, एक चांगला गुण्या, मार्किंगची सुरी, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार), टेप, एक बारीक दात्यांची करवत, एक ब्लॉक प्लेन (एका हाताचा छोटा रंधा) आणि एक लाकडी मोगरी. धारेचे दगड. बस. बाकीचं काम येईल तसं घ्या, कोणतं हत्यार लागतं हे कामच सांगतं.

गुण्या घेताना तिथेच तपासायचा. सरळ कडेच्या फळीला टेकवून सुरीने एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. अर्ध्या मिनिटाचं काम, पण न केल्यामुळे माणसं महिनाभर स्वतःच्या हाताला शिव्या देत बसतात.

५. धार

नवीन पटाशी आणली म्हणजे तिला धार असते हा गैरसमज आहे. तिला फक्त आकार असतो.

आधी पाठ. पटाशीची सपाट बाजू, टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर, दगडावर घासून एकदम सपाट करायची, आरशासारखी होईपर्यंत. हे पटाशीच्या आयुष्यात एकदाच नीट करावं लागतं, म्हणून कंटाळू नका. मग उताराची बाजू. साधारण २५ अंशाचा उतार आधीच घासलेला असतो, तुम्ही हात किंचित उचलून ३० अंशाला फक्त टोक १००० नंबरच्या दगडावर (नंबर मोठा तितका दगड बारीक) घ्यायचं. किती वेळ? मिनिटं मोजू नका. पाठीमागून अंगठा धारेच्या दिशेने अलगद बाहेर सरकवत बघा, एक बारीक कड बोटाला अडकते, केसाएवढी. ती कड धारेच्या पूर्ण रुंदीवर लागली पाहिजे, एका कोपऱ्यात लागली आणि दुसऱ्यात नाही तर अजून झालं नाही. मग ६००० किंवा ८००० च्या दगडावर दोन-चार हात, पटाशी पालथी करून पाठीचा एक हात, कड निघून जाते.

आता केसांवर वगैरे तपासायचं नाटक करू नका. पाइनचा तुकडा घ्या, त्याच्या टोकाच्या बाजूला, जिथे लाकडाचे तंतू कापलेले दिसतात, तिथे पटाशी हाताने दाबून पातळ पापुद्रा काढा. खाली चकाकी राहिली तर धार आहे. भुगा पडला, तंतू चुरगळले, तर परत दगडावर. पाइन मऊ आहे म्हणून सोपं असेल असं वाटतं ना, उलट आहे, मऊ लाकडाला जास्त तीक्ष्ण धार लागते, कारण बोथट हत्याराखाली ते कापलं जायच्या आधीच दबतं.

आणि बोथट पटाशी जास्त लागते, हाताला म्हणतोय. धार नसली की जोर लावावा लागतो, जोर लावला की निसटते, आणि समोर तुमचाच दुसरा हात असतो. म्हणून दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

६. रेघ

इथे मी माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मला चार दरवाज्यांच्या आडव्या पट्ट्या कापायला दिल्या, एकूण आठ. दरवाजा ८०० मिमी रुंद, दोन्ही बाजूच्या उभ्या पट्ट्या १०० च्या, म्हणजे मध्ये राहिले ६००. मी आठही पट्ट्या ६०० ला कापल्या, अगदी टकाटक, एकसारख्या, वर स्वतःवर खूश. मिस्त्री आले, एक पट्टी उचलली, दोन्ही टोकं बघितली आणि म्हणाले, "कुसू कुठून काढणार आता, खिशातून?" कारण पट्टी उभ्या लाकडात शिरायला दोन्ही टोकांना ६०-६० मिमीचं कुसू, म्हणजे उभ्या पट्टीच्या भोकात बसणारी पातळ जीभ, लागतं, कापायची होती ७२०. चांगलं कडक लाकूड होतं, आठही तुकडे गेले. ओरडले नाहीत, पण ते तुकडे वर्षभर माझ्या बेंचखाली ठेवायला लावले आणि दर वेळी पॅकिंगला लाकूड लागलं की तिथूनच घ्यायचं.

तेव्हापासून मी आणि आता तुम्ही, कापायच्या आधी हे करायचं. टेपवरून दर वेळी माप घेऊ नका, एक लांब पट्टी घ्या आणि तिच्यावर दरवाज्याचं पूर्ण माप खऱ्या आकारात उतरवा, उभी पट्टी कुठे, खांदा (कुसू जिथून सुरू होतं ती पायरी) कुठे, कुसू कुठपर्यंत, पॅनलची खोबण कुठे. मग सगळे तुकडे त्या पट्टीवर ठेवून खुणा करा. टेप प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो, पट्टी तेच सांगते. आणि कुसू विसरायचा प्रश्नच येत नाही कारण ते समोर काढलेलं दिसतं.

प्रत्येक तुकड्याची एक चांगली बाजू आणि एक चांगली कड ठरवा, पेन्सिलने खूण करा, आणि गुण्या आणि गेज कायम त्या दोन बाजूंनाच टेकवा. समोरच्या बाजूने कधी, मागच्या बाजूने कधी असं केलं की रेघा फिरून आल्यावर भेटत नाहीत. शेवटची रेघ सुरीने मारा. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, अर्धा मिलिमीटर तरी, सुरीच्या रेघेला नसते, शिवाय पटाशीचं टोक तिच्यात आपोआप बसतं. टाकाऊ भागावर मोठी फुली मारा आणि करवत फुलीच्या बाजूने चालवा. करवत स्वतः लाकूड खाते हे विसरू नका, टेबल सॉचं ब्लेड साधारण ३ मिमी खातं, चार काप म्हणजे १२ मिमी हवेत.

सांध्यांची मापं पाठ करायला थोडीच आहेत. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. डव्हटेलचा (कोपऱ्यातला पारव्याच्या शेपटीसारखा सांधा) उतार मऊ लाकडात १ ला ६, कडक लाकडात १ ला ८. काटकोन तपासायला ६०० आणि ८०० धरा, तिरपं १००० आलं पाहिजे. चौकट ग्लू लावून क्लॅम्प केली की लगेच दोन्ही कर्ण मोजा, एक लांब आला तर त्या लांब कर्णावरच एक क्लॅम्प तिरका लावून हळूच आवळा. ग्लू ओला आहे तोपर्यंतच हे चालतं, सकाळी येऊन मोजलं तर फक्त वाईट वाटतं.

७. लाकूड हलतं, ते मान्य करा

नवख्याला वाटतं लाकूड मेलंय. नाही. हवेतली ओल वाढली की ते रुंदीत फुगतं, कोरडं झालं की आक्रसतं, लांबीत मात्र जवळजवळ काहीच होत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितकं हलतं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, म्हणून फळी ओंडक्यातून कशी काढलीये त्यावर ती वाकणार का सरळ राहणार ते ठरतं. ओकची ३०० मिमी रुंद फळी ओलीच्या चढउताराने ३-४ मिमी सहज हलते. सागवान त्यातल्या त्यात शांत.

म्हणूनच जुन्या दरवाज्यात मधलं पॅनल चौकटीच्या खोबणीत नुसतं सोडलेलं असतं, ग्लू नाही, दोन्ही बाजूंना दोन-तीन मिमी मोकळे. उत्साहाच्या भरात पॅनल चिकटवलंत की सहा महिन्यांनी ते चिरणार किंवा चौकट फोडणार. टेबलाचा टॉपही तसाच, सरळ स्क्रू मारून आवळायचा नाही, लांबट भोकं ठेवायची. घरातल्या कामाचं लाकूड साधारण ८ ते १२ टक्के ओलीचं हवं, शॉपमध्ये मीटर असतो, माल आला की तुम्हीच पुढे होऊन मोजा आणि वहीत लिहा. असली कामं मागून घेणारा शिकाऊ लवकर डोळ्यात भरतो.

८. मशीन, धूळ, कान

मशीनवर उभं करतील तेव्हा घाई करू नका. टेबल सॉवर ब्लेडच्या मागची रायव्हिंग नाइफ काढायची नाही, ती कापलेलं लाकूड ब्लेडला चिमटू देत नाही आणि लाकूड उलटं तुमच्या पोटात येण्यापासून वाचवते. उभं राहायचं ब्लेडच्या रेषेत नाही, किंचित बाजूला. शेवटचा भाग पुश स्टिकने. ब्लेड बदलताना प्लग काढलेला. फिरणाऱ्या मशीनवर हातमोजे नाहीत, सैल बाह्या नाहीत, गळ्यात काही लोंबतं नाही, कारण मशीन आधी कापड पकडतं आणि मग हात.

धुळीचं लोक हसण्यावारी नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. एक्स्ट्रॅक्शन चालू ठेवा, सँडिंगला नीट बसणारा मास्क लावा, संध्याकाळी झाडताना पण. कानांचं गणित अजून साधं, ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. सॉ आणि प्लेनर (लाकूड रंधायचं मशीन) तिथपर्यंत आरामात जातात. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात, पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

९. पहिलं वर्ष काढायचं कसं

झाडू मारावा लागेल, माल उचलावा लागेल, दुसऱ्याचं सँडिंग करावं लागेल. झाडू मारताना कोणाच्या बेंचखाली ढलप्या कशा पडल्यात ते बघा, लांब अखंड गुंडाळ्या म्हणजे रंधा लाकडाच्या रेषेसोबत चाललाय, तुकडे-तुकडे म्हणजे उलटा चाललाय. फुकटचं शिक्षण आहे ते.

खिशात छोटी वही ठेवा. सांगितलेलं माप लगेच लिहा, परत मोठ्याने वाचून दाखवा. प्रश्न विचारा पण मिस्त्रींच्या हातात ग्लू लावलेली चौकट असताना नाही. आणि चूक झाली तर लगेच सांगा. चुकीची कापलेली पट्टी दहा मिनिटांत बदलता येते, तीच ग्लू होऊन दरवाज्यात गेली की अख्खा दरवाजा. मी एकदा कोपऱ्यातली फट भुसा आणि ग्लूने भरून गप्प बसलो होतो, पॉलिश लावल्यावर ती फट काळी होऊन सगळ्यांना दिसली.

ट्रेनिंग सेंटरचा दिवस म्हणजे सुट्टी समजू नका. ड्रॉइंग वाचणं, कोन, अपूर्णांक तिथेच पक्कं होतं. जिना काढायची वेळ आली की दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची खोली मिळून साधारण ६०० ते ६४० मिमी हवी हे तिथे फळ्यावर शिकलेलं असतं, शॉपमध्ये ते कोणी थांबून समजावत नाही.

वेगाचं टेन्शन घेऊ नका. शेजारचा माणूस ज्या वेळात तीन सांधे करतो त्या वेळात तुमचा एक होईल, आणि तो एक उघडावा लागेल. दुसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात येतं की आज गुण्या लावून बघायची गरजच पडली नाही. तरी लावा.

१०. पहिला दरवाजा

एक दिवस पूर्ण दरवाजा तुमच्याकडे देतील, बनवायचाही आणि बसवायचाही. चारी बाजूंनी २ ते ३ मिमी फट ठेवा. कुलपाच्या बाजूची कड दोन-तीन अंश आतल्या बाजूला उतरती रंधा, नाहीतर उघडताना ती चौकटीला घासते. बिजागरीची खाच आधी सुरीने पक्की करा, मग पटाशीने, बिजागरीच्या पात्याएवढीच खोल. जास्त खोल गेली तर दरवाजा बिजागरीच्या बाजूला आवळून बसतो आणि बंदच होत नाही, तेव्हा मागे पातळ पुठ्ठ्याची पट्टी घालतात, हे सगळेच करतात, लाजू नका. आधी प्रत्येक बिजागरीत एकेकच स्क्रू मारून लटकवून बघा, उघडा, बंद करा, फटी बघा, मग बाकीचे स्क्रू.

स्क्रू मारायच्या आधी खाचेचा आणि कुसवाच्या सांध्याचा फोटो काढून ठेवा, ग्लू लावायच्या आधीचा. उमेदवारी संपल्यावर काम मागायला जाल तेव्हा तयार दरवाज्याचे फोटो सगळेच दाखवतात. समोर बसलेला माणूस जॉइनर असेल तर तो आतला सांधा मोठा करून बघेल, आणि बहुतेक खांद्यापाशी सुरीची रेघ दिसतेय का ते शोधेल.